परसात कासव कोणते पाळावे?

(वन्यजीव सप्ताहानिमित्त तालुक्याच्या ठिकाणी झालेल्या शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय मी निवडलेला नाही. तो एका प्राथमिक शिक्षकांनी मला दिला आहे. गेल्या महिन्यात त्यांचे पत्र आले. "आमच्या शाळेच्या मागे दोन गुंठे मोकळी जागा आहे. कुंपण आहे, पाण्याची सोय आहे. तेथे मुलांसाठी एखादे कासव पाळावे, असा विचार आहे. कासव गोंगाट करीत नाही, पळून जात नाही आणि खर्चही बेताचा. तरी कोणत्या जातीचे कासव घ्यावे, याबाबत मार्गदर्शन व्हावे," असे त्यांनी लिहिले होते.

पत्र सरळ मनाने लिहिलेले होते. उत्तरही मी दोन ओळींत देऊ शकलो असतो. परंतु हा प्रश्न एकट्या त्या गुरुजींचा नाही. शहरात आणि खेड्यांतही तो अनेकांच्या मनात असतो. कोणी तो मुलांच्या हौसेपोटी विचारतो, कोणी घरात लक्ष्मी नांदावी म्हणून, तर कोणी विहिरीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून. म्हणून आज आपण सर्वांनी मिळून ही निवड करून पाहावी, असे मला वाटते. आधी कासवांची ओळख करून घेऊ, मग एकेक जात पारखू आणि शेवटी निर्णयाकडे येऊ.

नाव एक, प्राणी तीन

मराठी मनाला कासव अपरिचित नाही. देवळात पाऊल टाकले की गाभाऱ्यासमोर दगडी कासव दिसते. दशावतारांत कूर्मावतार दुसरा आहे. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाला गीतेने कासवाचीच उपमा दिली आहे. कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने वाढविते, ही कल्पना आपल्या संतांनी मायेचा दाखला म्हणून वापरली आहे.

दाखला म्हणून तो सुंदरच आहे. मात्र प्रत्यक्षातील कासवी मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिलांची व तिची भेट बहुधा कधीच होत नाही. पिलांना वाढविणारी खरी आई म्हणजे ती माती आणि तिची ऊब. पुष्कळ जातींत पिलू नर होणार की मादी, हेदेखील मातीच्या उष्णतेवरच ठरते. जागा बदलली की कासवाचे सारेच का बिघडते, याचे उत्तर येथे सापडते. ही गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आपल्या भाषेत 'कासव' हे एकच नाव तीन वेगळ्या प्राण्यांना दिलेले आहे. जमिनीवरील कासवाची पाठ घुमटासारखी उंच आणि पाय हत्तीच्या पायासारखे खांबी असतात. त्याला पोहता येत नाही. नदी-तळ्यातील कासवाची पाठ चपटी असते आणि बोटांमध्ये पडदे असतात. समुद्रातील कासवाच्या पायांची वल्हीच झालेली असतात. नाव एकच असल्यामुळे जमिनीवरचे कासव हौसेने पाण्याच्या टाकीत सोडले जाते आणि बिचारे बुडून मरते. असे प्रकार शिकल्या-सवरल्या घरांतही घडतात.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कासवाची पाठ म्हणजे अंगावर घातलेले चिलखत नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या एकत्र जुळून ती बनलेली असते, म्हणजे ती त्याच्या सांगाड्याचाच भाग असते. कासव हरवू नये म्हणून पाठीला भोक पाडून दोरी बांधणारे लोक आहेत. ते जिवंत हाडालाच भोक पाडीत असतात.

आता निवड करू

पहिला उमेदवार अर्थातच चांदणी कासव. वृत्तपत्रांत त्याला 'स्टार' कासव म्हणतात. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या, आकार ओंजळीत मावेल एवढा, स्वभाव शांत आणि आहार बहुतांशी गवत-पाला. वरवर पाहता परसासाठी याच्याइतके योग्य कासव दुसरे नाही. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र, कर्नाटक व तमिळनाडूतील झुडपी रान आणि श्रीलंका ही त्याची प्रमुख वसतिस्थाने. याच देखणेपणामुळे त्याच्यावर संकट ओढवले आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने सप्टेंबर २००९ ते सप्टेंबर २०१९ या दहा वर्षांचा भारतापुरता आढावा घेतला. त्यात जमिनीवरील व गोड्या पाण्यातील किमान १,११,३१० कासवे अवैध व्यापारात सापडल्याची नोंद आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा चांदणी कासवाचा आहे. हा आकडा केवळ उघडकीस आलेल्या कासवांचा आहे. पिशव्यांत व पेट्यांत कोंबून नेताना गुदमरून मेलेली कासवे कोण मोजणार? २०१९ पासून या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तेव्हापासून हे कासव अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे. पहिला उमेदवार बाद झाला.

दुसरा उमेदवार आपल्या ओढ्या-तळ्यांतील मऊ पाठीचे कासव. पावसाळ्यात भातखाचरात दिसते ते बहुधा हेच. गोगलगायी, बेडूक, मासे, मेलेले प्राणी आणि पाणवनस्पती असे काहीही खाऊन ते पाणवठ्याची साफसफाई करते. तळे आटले की चिखलात खोल शिरून पावसाची वाट पाहते. हेच पाहून विहिरीत कासव सोडण्याची रीत पडली असावी. परंतु तळ्याला काठ असतो, विहिरीला तो नसतो. आजच्या सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत कासवाला ऊन खायला जागा नाही आणि अंडी घालायला माती नाही. तेथे ते वर्षानुवर्षे जिवंत राहील. पण ते जगणे जन्मठेपेचे असेल. शिवाय हेही कासव अनुसूची १ मध्येच आहे. दुसरा उमेदवारही बाद.

मग कोणी म्हणेल, देशी नको तर विदेशी घेऊ. शहरातील दुकानांत काचेच्या पेटीत रुपयाएवढी हिरवी पिले मिळतात. कानामागे लाल पट्टा, हे त्यांचे लक्षण. मूळ अमेरिकेच्या दक्षिण भागातले हे पाणकासव. 'एवढेच राहते', असे दुकानदार सांगतो. प्रत्यक्षात मादी जवळजवळ एक फूट लांब होते आणि हा प्राणी तीस-चाळीस वर्षे जगू शकतो. दोन वर्षांत पेटी अपुरी पडते, पाण्याला वास येऊ लागतो आणि मग एके दिवशी, बहुधा पुण्यकर्म म्हणून, ते जवळच्या तळ्यात सोडले जाते. तेथे ते देशी कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परकीय जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. खुद्द अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवे विकण्यास १९७५ पासून मनाई आहे. कारण लहान मुले ती हाताळतात, तोंडाला लावतात आणि त्यांच्यापासून साल्मोनेला जंतूंची बाधा होते. शाळेच्या दृष्टीने हे कारण एकटेच पुरेसे आहे.

चौथा उमेदवार आफ्रिकेतील. सहाराच्या दक्षिणेला सहेल नावाचा रखरखीत पट्टा आहे, तेथील हे जमिनीवरचे कासव. विकत घेताना ते तळहातावर मावते. पूर्ण वाढल्यावर मात्र त्याची लांबी अडीच फुटांपर्यंत जाते आणि वजन ४०-५० किलो, कधी त्याहूनही अधिक भरते. बीळ खणणे हा त्याचा जन्मजात स्वभाव. कित्येक फूट लांबीचे बीळ ते सहज खणते. गुरुजींच्या कुंपणाचा पाया किती खोल आहे, हे मी विचारलेले नाही! आयुष्याचा विचारही करावा लागेल. शिक्षकांची बदली होते, ते निवृत्त होतात. कासवाची ना बदली होते ना निवृत्ती. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातील 'अद्वैत' नावाचे महाकाय कासव मार्च २००६ मध्ये मरण पावले. त्या एका आवारातच त्याने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ काढला होता. त्याची जात वेगळी होती. परंतु कासव घेणे म्हणजे आपल्यामागेही उरणारी जबाबदारी घेणे, हा धडा सर्वांना सारखाच लागू आहे.

पाचवा उमेदवार आकाराने आटोपशीर आहे. मध्य आशियाच्या कोरड्या गवताळ मुलखातील हे कासव वीतभर लांबीचे आणि काटक असते. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या झोंड-५ या यानातून अशी दोन कासवे चंद्राला वळसा घालून आली आणि हिंदी महासागरात उतरलेल्या यानातून जिवंत परतली. चंद्राला फेरी घालून येणारे पहिले पृथ्वीवासी म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. मात्र असे काटक कासवही आपल्या परसात का टिकत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच्या मुलखात हिवाळा बर्फाचा आणि उन्हाळा करपविणारा. वर्षातील जेमतेम तीन-चार महिने ते बाहेर असते, उरलेला काळ जमिनीखाली झोप घेते. कोकणात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील दमट हवेत त्याला ना ती कोरडी थंडी मिळते ना ती झोप. श्वसनाचे विकार मात्र जडतात.

जमिनीवरील कासवांचे संपूर्ण कुळच आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे. त्यामुळे ज्याच्याकडे असे विदेशी कासव असेल त्याला त्याची रीतसर नोंद करावीच लागते. केंद्र शासनाने २०२४ मध्ये केलेल्या नियमांनुसार असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत 'परिवेश' या संकेतस्थळावरून अर्ज करावयाचा असतो. विक्रेता कागदपत्रे दाखवीत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

एक कबुली

येथपर्यंतचे सर्व मला पूर्वीपासून माहीत होते, असे आपल्याला वाटेल. तसे नाही. ते मला एका चुकीने शिकविले आणि ती चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात होतो. तेथील एका शाळेने आवारात कासव पाळले होते. एका पालकाने ते शहरातून आणून दिले होते. मुख्याध्यापक उत्साही आणि मुलांत रमणारे होते. विटांचे छोटे आळे, त्यात रांगोळी आणि भोवती मुलांचा घोळका. दृश्य मला आवडले. मी छायाचित्र काढले आणि 'निसर्गावर प्रेम करणारी शाळा' अशा शीर्षकाचे वृत्त पाठविले. ते छापूनही आले. पाठीवरील चांदण्या छायाचित्रात स्पष्ट दिसत होत्या. मला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता. कलाशाखेचा पदवीधर मी, प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपलेला.

वन विभागाच्या कर्मचाऱ्यांना मात्र तो अर्थ कळला. तीन आठवड्यांनी ते कात्रण घेऊन शाळेत आले. पशुवैद्यकांनी कासव तपासले. पाठ दाबली की दबत होती आणि मागचे पाय जमिनीवर टेकत नव्हते. मुले त्याला मायेने दूधभात, पोळी आणि बिस्किटे भरवीत. रात्री मांजर नेईल म्हणून आणि दिवसा ऊन लागेल म्हणून ते खोक्यात ठेवले जाई. हाडे बळकट होण्यासाठी जे हवे, म्हणजे चुनायुक्त पाला आणि अंगावर थेट येणारे ऊन, तेवढेच काय ते त्याला मिळत नव्हते. कासव उपचारासाठी नेण्यात आले. मुख्याध्यापकांना जबाब द्यावा लागला आणि पुढे अनेक महिने खुलासे करावे लागले.

मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, हे चुकीचे आहे असे कोणी सांगितले असते, तर मी त्याच दिवशी ते देऊन टाकले असते. पण आपणच तर छापलेत, की चांगले काम आहे."

या वाक्याला मजजवळ उत्तर नव्हते. लोकांना माहिती देणे हे माझे काम; आणि माझ्या अज्ञानाची शिक्षा एका सज्जन माणसाला व एका मुक्या जिवाला भोगावी लागली. आज हा विषय मी आपल्यापुढे तपशिलाने मांडतो आहे, त्याचे कारण हेच होय.

कायदा काय सांगतो

देशी कासव पकडणे, विकत घेणे, विकणे अथवा घरी बाळगणे हा अपराध आहे. अनुसूची १ मधील प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. 'मी पकडले नाही, मला भेट मिळाले', ही सबब चालत नाही. असा प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो आणि तो हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळविणे बंधनकारक आहे.

ज्यांच्या घरी आजही कासव आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. भीतीपोटी ते रात्री नदीत किंवा विहिरीत सोडू नका. जमिनीवरचे असेल तर बुडेल, विदेशी असेल तर नदीला उपद्रव देईल आणि आजारी असेल तर इतरांना रोग देईल. वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवा आणि ते येईपर्यंत कासव कोरड्या, हवेशीर, सावलीच्या जागी ठेवा. पंचायत सदस्यांनी गावकऱ्यांसोबत उभे राहून हे काम करवून घ्यावे. माणूस एकटा असला की घाबरतो.

मग मुलांनी कासव पाहायचेच नाही का?

पाहायचे, अवश्य पाहायचे. इंग्लंडमध्ये सेलबोर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाईट हे धर्मोपदेशक होऊन गेले. १७८० मध्ये त्यांच्या आत्याच्या निधनानंतर तिचे भूमध्य समुद्राकडचे कासव त्यांच्या बागेत आले. ते केव्हा मातीत शिरते, केव्हा बाहेर येते, पावसाला कसे चुकविते, याच्या नोंदी ते वर्षानुवर्षे करीत राहिले. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निसर्गविषयक ग्रंथामुळे ते कासव प्रसिद्धीस आले. एवढ्या बारकाईने पाहूनही सर्वांनी ज्याला नर समजून 'टिमोथी' नाव दिले होते, ती मादी असल्याचे तिच्या मृत्यूनंतर उघड झाले! त्या कासवामुळे व्हाईट यांना जे मिळाले ते निरीक्षणातून मिळाले, मालकीतून नव्हे. आणि निरीक्षणासाठी कासव परसात आणावे लागत नाही, आपण त्याच्या परसात जाऊ शकतो.

हे आपल्याच राज्यात घडलेले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे गाव आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. एके काळी ती अंडी माणसे व कोल्हे-कुत्री फस्त करीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखण्याचे काम सुरू केले. अंडी जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवतात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडली की त्यांना समुद्राकडे जाऊ देतात. ते पाहण्यासाठी लोक लांबून येतात, गावातील घरांत उतरतात, घरचे जेवण जेवतात आणि गावाला चार पैसे मिळतात. तेथे कासवाचा मालक कोणीच नाही. राखणदार मात्र सारे गाव आहे.

प्रत्येक गावाला समुद्र नसतो. पण तळे, ओढा किंवा बंधारा असतोच. त्याचा एक तरी काठ मातीचा राहू द्यावा. सुशोभीकरणाच्या नावाखाली चारही बाजूंना दगडी भिंत बांधू नये. काठावरचे गवत पेटवू नये. पहिल्या पावसात रस्ता ओलांडणारे कासव दिसले, तर ते ज्या दिशेला निघाले असेल त्याच दिशेला उचलून ठेवावे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. कित्येक गावांत ही नोंदवही एकदा भरून कपाटात गेली आहे. ती बाहेर काढा आणि शाळेतील मुलांच्या हाती द्या. कासव कोठे दिसले, कोणत्या तारखेला, किती मोठे, हे मुले लिहितील. पाच वर्षांनी त्या गावाजवळ जी माहिती असेल ती एखाद्या महाविद्यालयाजवळही नसेल.

त्या गुरुजींना मी उत्तर पाठविले आहे. त्यात लिहिले आहे, "आपल्या दोन गुंठ्यांसाठी कोणत्याही जातीचे कासव घेऊ नये. त्या जागेत देशी झाडे लावावीत, गवत वाढू द्यावे आणि कोपऱ्यात एक उथळ पाणवठा करावा. शाळेमागच्या ओढ्यात कासव आहे का, हे मुलांना शोधू द्यावे. सापडल्यास आपण मला बोलवा. या वेळी मी बातमी नीट विचारून लिहीन."

त्यांचे उत्तर परवाच आले. ओढ्यात कासव आहे. मुलांनी त्याला तीनदा पाहिले, तारखा लिहिल्या आणि हात लावला नाही. पुढील महिन्यात मी तेथे जाणार आहे. जाताना वनरक्षकांनाही सोबत नेणार आहे.